एचपीव्ही : नंबर वाचण्याआधी स्वॅब कुठून घेतला ते पाहा

पिपेट

"रिपोर्टात ८४ आलाय, एवढा मोठा आकडा म्हणजे जास्त वाईट का?" या धाटणीचे प्रश्न सारखे वर येतात आणि उत्तरं पाच ठिकाणी विखुरतात. म्हणून ह्युमन पॅपिलोमा विषाणूच्या (एचपीव्ही) प्रकारांवर हा एकच धागा. स्त्रियांपुरतंच बोलू, नाहीतर पसारा आवरणार नाही.

आकड्याचं आधी उरकतो. क्रमांक म्हणजे निव्वळ नोंदणीचा क्रम. विषाणूच्या एल१ जनुकाची रचना आधीच्या सगळ्या प्रकारांपेक्षा किमान १० टक्के वेगळी निघाली की नवा नंबर मिळतो. असे २०० च्या वर झालेत. नंबरप्लेटवरून गाडी किती पळते ते कळत नाही, तसंच हे.

ढोबळ वाटणी अशी. हातापायाच्या चामखिळी : १, २, ४, २७, ५७. चेहऱ्यावर आणि हातांच्या पाठीवर येणाऱ्या चपट्या चामखिळी : ३ आणि १०. जननांगावरचे कोंब : सुमारे ९० टक्के वेळा ६ किंवा ११. ओठांच्या आणि गालांच्या आतल्या बाजूला मऊ गुठळ्या येणारा हेकचा आजार : १३ आणि ३२. कर्करोगाशी पक्कं नातं सिद्ध झालेले बारा : १६, १८, ३१, ३३, ३५, ३९, ४५, ५१, ५२, ५६, ५८, ५९. यांच्या खालोखाल ६८ 'बहुधा' या वर्गात. ६६ पूर्वी वरच्या यादीत गणला जायचा, आता 'शक्यता' एवढ्यावर आलाय. पण बऱ्याच किटांची मान्यता जुन्या यादीवर झालेली असल्यामुळे तो अजून 'हाय रिस्क'च्या डब्यात बसलेला दिसतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

८४ या कुठल्याच यादीत नाही. तो योनिमार्गातला नेहमीचा पाहुणा आहे.

कोल्पोकर

यादी बरोबर आहे. पण नुसती यादी हातात दिली की लोक १६ दिसला रे दिसला की घाबरतात आणि ८४ दिसला की निर्धास्त होतात. जागा सांगितल्याशिवाय १६ चाही अर्थ लागत नाही.

गर्भाशयमुखावर दोन प्रकारच्या पेशींची वेस असते. आतल्या नळीत एकपदरी स्तंभाकार पेशी, बाहेर अनेक पदरी चपट्या. वयात येताना आणि गरोदरपणात ही वेस बाहेर सरकते, मग हळूहळू आतल्या पेशींची जागा चपट्या पेशी घेतात. हा पट्टा म्हणजे ट्रान्स्फॉर्मेशन झोन. इथल्या तळाच्या पेशी विषाणूच्या सहज हाती लागतात आणि त्यांचं वळण अजून पक्कं झालेलं नसतं. १६ इथे टिकला की ई६ प्रथिन पी५३ ला संपवतं, ई७ प्रथिन आरबीला अडकवतं, आणि पेशीचे दोन्ही ब्रेक सुटतात.

तोच १६ हातभर नव्हे, दोन बोटं खाली योनिमार्गाच्या भिंतीवर असला तर बहुतेक वेळा काही न करता निघून जातो. योनिमार्गाचं क्षेत्रफळ गर्भाशयमुखाच्या कितीतरी पट आहे आणि तरी तिथला कर्करोग त्या मानाने फार दुर्मीळ. विषाणू तोच, माती वेगळी.

उलट ६१, ६२, ७२, ८१, ८३, ८४, ८९ ही मंडळी योनिमार्गाच्या पेशींत खुशाल राहतात. अमेरिकेत २००३-०४ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत १४ ते ५९ वयाच्या स्त्रियांनी स्वतः घेतलेले योनिमार्गाचे स्वॅब तपासले. २६.८ टक्के जणींत कुठला ना कुठला प्रकार मिळाला. सगळ्यात पुढे ६२ आणि ८४, त्यामागे ५३. १६ फक्त १.५ टक्के. आता कर्करोगाच्या गाठींचे नमुने घ्या : जगभरात गर्भाशयमुखाच्या कर्करोगात १६ आणि १८ मिळून सुमारे ७० टक्के. जे सर्वांत जास्त सापडतं ते सर्वांत घातक नाही, ही गोष्ट या दोन आकड्यांत स्वच्छ दिसते.

एक पुरवणी. ग्रंथींच्या पेशींतून होणाऱ्या कर्करोगात १८ आणि ४५ चा वाटा वाढतो. तो आतल्या नळीत दडतो, पॅप स्मिअरला (खरवडलेल्या पेशींच्या तपासणीला) हुलकावणी देतो आणि कोल्पोस्कोपीत, म्हणजे भिंगातून गर्भाशयमुख पाहतानाही, चटकन दिसत नाही. म्हणून १८ आला आणि बाहेरून सगळं छान दिसलं तर नळीच्या आतून नमुना घेतल्याखेरीज फाइल मिटू नये.

निरगुडी

पिशवी काढलेल्या बायका 'आता कसली तपासणी' म्हणून शिबिरात येतच नाहीत. त्यांना काय सांगायचं?

कोल्पोकर

पिशवी कशासाठी काढली ते आधी विचारा. गाठी किंवा जास्त रक्तस्रावासाठी काढली असेल, गर्भाशयमुखासकट काढली असेल आणि पूर्वी कधी मोठा बदल सापडला नसेल, तर खरोखरच गरज नाही. कर्करोगपूर्व बदलासाठी (सीआयएन २ किंवा त्यावरचा) काढली असेल तर योनिमार्गाच्या वरच्या टोकाचा, म्हणजे व्हॉल्टचा नमुना लागतो : आधी लागोपाठ तीन वर्षं दरवर्षी, मग दर तीन वर्षांनी, किमान २५ वर्षं. अमेरिकेतल्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना असंच सांगतात.

आणि डिस्चार्ज कार्ड बघाच. 'पिशवी काढली' म्हणतात आणि कार्डावर 'सबटोटल' असतं. म्हणजे मुख जागेवरच आहे. तिची तपासणी इतर कुणाहीसारखीच चालू राहते.

व्हॉल्ट बघताना टाक्यांच्या दोन्ही कोपऱ्यांत खोलगट खळगे राहतात. तिथला बदल नजरेतून निसटतो. ल्युगॉलचं आयोडीन लावून कोपरे उलगडून पाहावे लागतात.

स्लाइडवाली

बाह्यांगाबद्दल मी लिहिते, कारण तिथे सगळ्यात जास्त घोळ होतो.

योनिमुखावरचे कर्करोग एका नावाखाली दोन वेगळे आजार आहेत. पहिला एचपीव्हीचा : त्यातल्या त्यात तरुण वय, एकाहून जास्त ठिकाणी डाग, प्रकार बहुधा १६ आणि त्यामागून ३३. दुसऱ्याचा एचपीव्हीशी संबंध नाही : वय जास्त, वर्षानुवर्षं खाज, पांढुरके पातळ चट्टे, म्हणजे लायकेन स्क्लेरोसस, आणि त्याच्या कडेला पी५३ बिघडलेल्या पेशी. या दुसऱ्यात एचपीव्ही चाचणी निगेटिव्ह येणारच. "एचपीव्ही नाही म्हणजे साधी खाज" असं समजून मलम चालू ठेवणं हीच इथली मोठी चूक. चट्टा जाड झाला, त्यावर न भरणारी जखम झाली, तर बायोप्सी. स्वॅब नव्हे.

पॅराफिनमध्ये (मेणात) जपलेल्या जुन्या बायोप्सीच्या ब्लॉकवर प्रकार काढायचा असेल तर पीसीआरचे (डीएनएच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीचे) प्रायमर, म्हणजे कुठला तुकडा वाढवायचा ते ठरवणारे छोटे डीएनए, बघून घ्या. फॉर्मॅलिनमध्ये डीएनएचे तुकडे होतात. एमवाय प्रायमर साधारण ४५० बेसचा (डीएनएच्या अक्षरांचा) तुकडा मागतात, जीपी५+/६+ साधारण १५०, एसपीएफ१० फक्त ६५. ब्लॉकवर ४५० वाला वापरलात तर 'निगेटिव्ह' म्हणजे विषाणू नाही असं नव्हे, एवढा लांब अखंड तुकडाच उरलेला नाही.

तळटीप

एकाच बाईत चार-चार प्रकार आले तर धोका चौपट होतो का, हा प्रश्न मागे एका धाग्यावर होता. नाही. धोका ठरतो तो त्यातल्या सगळ्यात घातक प्रकारावर. लेझरने डागातल्या नेमक्या पेशी कापून तपासल्या तेव्हा स्वॅबमध्ये अनेक प्रकार असले तरी एका डागात जवळजवळ नेहमी एकच प्रकार निघाला. बाकीचे आजूबाजूला नुसते वस्तीला.

पिपेट

यावरून लिनिअर ॲरे या प्रकार ओळखणाऱ्या पट्टी-चाचणीची गंमत सांगतो. जुन्या शोधनिबंधांतले आकडे वाचणाऱ्यांना ती ठाऊक हवी. पट्टीवर ३७ प्रकारांच्या रेघा आणि नमुन्यात पेशी आहेत की नाही ते बघायला माणसाच्या बीटा-ग्लोबिन जनुकाच्या दोन. पट्टी संदर्भपत्राखाली सरकवायची, निळी रेघ कुठल्या नंबराशी जुळते ते वाचायचं. पण ५२ साठी स्वतंत्र रेघच नाही. ३३, ३५, ५२ आणि ५८ अशी चौघांची मिळून एक सामाईक रेघ आहे. ३३, ३५, ५८ यांना स्वतःच्याही रेघा आहेत. सामाईक रेघ निळी आणि त्या तिन्ही कोऱ्या, तर ५२ पक्का. पण समजा ५८ ची रेघ निळी आणि सामाईकही निळी. आता सामाईक रेघ ५८ मुळे उमटली की ५२ पण आहे? पट्टीवरून कळायला मार्ग नाही. ५२ साठी वेगळी रिअल-टाइम पीसीआर लावावी लागते. काही अभ्यासांनी ती लावली, काहींनी असे नमुने सरळ '५२ नाही' धरले. दोन शहरांतल्या ५२ च्या टक्केवारीची तुलना करण्याआधी पद्धतीचा परिच्छेद वाचा.

दुसरी खोच : सामाईक प्रायमर असले की ज्याच्या प्रती जास्त तो प्रकार सगळी रसद खातो आणि कमी प्रतींचा प्रकार दिसेनासा होतो. लसीकरणानंतर १६ हटला आणि 'नवे' प्रकार वाढले, अशी हाकाटी होते तेव्हा हाही खुलासा तपासायचा असतो. ते कदाचित आधीपासूनच होते, १६ च्या सावलीत.

निरगुडी

गुदमार्गाबद्दल कुणी बोलत नाही. विचारायलाही संकोच वाटतो.

कोल्पोकर

संकोच बाजूला ठेवून लिहितो, कारण सर्वसाधारण लोकसंख्येत गुदमार्गाचा कर्करोग पुरुषांपेक्षा स्त्रियांत जास्त आढळतो. त्यातले ९० टक्क्यांच्या आसपास एचपीव्हीचे, आणि त्यांतही १६ चंच राज्य. तिथेही गर्भाशयमुखासारखी दोन पेशींची वेस आहे.

गुदसंभोग केलेलाच नाही तरी विषाणू तिथे कसा, हा प्रश्न नवरा-बायकोत भांडणं लावतो. दोन्ही जागा शेजारीशेजारी, स्राव, पुसण्याची दिशा, बोटं. एवढं पुरतं. त्यामुळे या रिपोर्टावरून कुणाच्याही चारित्र्याचा पंचनामा करू नका.

अनेक देशांतल्या अभ्यासांची एकत्र मांडणी २०१९ मध्ये झाली. एचआयव्ही नसलेल्या स्त्रियांत, गर्भाशयमुखावर १६ असेल तर गुदमार्गातही १६ सापडण्याचं प्रमाण सुमारे ४१ टक्के. गर्भाशयमुखावर १६ नसेल तर २ टक्के.

म्हणून सगळ्यांनी धावत जाऊन गुदमार्गाचा स्वॅब द्यावा असं नाही. या विषयावरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०२४ च्या सूचनांत क्रम लावलाय. एचआयव्ही असलेल्या स्त्रिया ४५ पासून. योनिमुखाचा कर्करोग किंवा कर्करोगपूर्व बदल झालेल्या, निदानानंतर वर्षभरात. अवयव प्रत्यारोपण झालेल्या, दहा वर्षांनी. गर्भाशयमुखावर १६ वर्षाहून जास्त टिकलेल्यांनी ४५ पासून डॉक्टरांशी बोलून ठरवायचं. आणि पॉझिटिव्ह आल्यावर पुढे मोठ्या भिंगातून गुदमार्ग बघणारं कुणी आवाक्यात नसेल तर चाचणी करून काय साधणार? निदान बोटाने तपासणी तरी करून घ्या. ती कुठेही होते.

पिपेट

एकाच भेटीत अनेक जागांचे नमुने घेताना काय चुकतं ते लिहितो.

क्रम : तोंड आधी, कारण ते सगळ्यांत दूर आणि त्यात विषाणू सगळ्यांत कमी. तोंडासाठी सलाइन किंवा माउथवॉश ३० सेकंद : आळीपाळीने खळखळायचं आणि गुळणी करून थुंकायचं. नुसता गालावरून स्वॅब फिरवला तर घशातलं काही येत नाही. मग योनिमुख, सलाइनने ओला केलेला स्वॅब. मग स्पेक्युलम (योनिमार्ग उघडा धरणारं साधन) घालण्याआधी योनिमार्ग. मग स्पेक्युलम आणि गर्भाशयमुख. गुदमार्ग शेवटी, नवे हातमोजे घालून. जुन्याच मोज्यांनी नितंब बाजूला केले की योनिमार्गातला १६ गुदमार्गाच्या नळीत पोचलाच म्हणून समजा, आणि 'दोन्ही जागी एकच प्रकार' असा निष्कर्ष कागदावर.

गर्भाशयमुखाचा ब्रश : मधले लांब केस मुखाच्या छिद्रात, बाजूचे बाहेर टेकलेले, एकाच दिशेने पाच फेरे. थिनप्रेप या द्रावणाच्या बाटलीत ब्रश तळाशी दहा वेळा दाबायचा, मग गरगर फिरवून काढायचा. शुअरपॅथ हे दुसरं द्रावण असेल तर ब्रशचं डोकं बाटलीतच टाकायचं. दोन्हींची पद्धत एकमेकींत मिसळली की पेशी ब्रशलाच चिकटून कचऱ्यात.

गुदमार्ग : पाण्याने ओला केलेला नायलॉनचा किंवा डॅक्रॉनचा स्वॅब, ३ ते ५ सेंटिमीटर आत, भिंतीवर दाब देत गोल फिरवत, हळूहळू बाहेर. लाकडी काडीचा कापूस नको. काडी मोडू शकते आणि त्यात पीसीआरला अडवणारे पदार्थ असतात. नमुन्याआधी जेली लावायची नाही.

रिपोर्टात 'इनव्हॅलिड' लिहिलंय? बहुतेक मशिन्स नमुन्यात माणसाचं एखादं जनुक आहे का तेही पाहतात. ते मिळालं नाही म्हणजे पेशी पुरेशा नव्हत्या किंवा रक्त, जेली, योनीत घालायचं मलम यांनी चाचणी अडली. इनव्हॅलिड म्हणजे निगेटिव्ह नव्हे. नमुना पुन्हा.

निरगुडी

स्वतः घेतलेला स्वॅब चालतो ना? गावात बायका त्यालाच तयार होतात.

पिपेट

चाचणी पीसीआरची असेल तर चालतो. मोठे बदल पकडण्यात तो डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याच्या जवळपास तोडीचा ठरलाय. डीएनए वाढवत न बसता फक्त संकेत वाढवणाऱ्या हायब्रिड कॅप्चरसारख्या पद्धतीत तो कमी पडतो. पण हा योनिमार्गाचा नमुना आहे. त्यावर पॅप करता येत नाही, कारण वेशीवरच्या पेशीच त्यात नाहीत. १६ किंवा १८ आला तर थेट कोल्पोस्कोपी. बाकी हाय रिस्क आला तर आधी डॉक्टरांकडून नमुना.

घसाराम

तोंड आणि घसा. हे दोन शब्द एकत्र वापरू नका, तिथेच सगळं बिघडतं. एचपीव्हीचा कर्करोग टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी होतो, टॉन्सिलच्या खाचांतल्या जाळीदार अस्तरात. गाल, हिरड्या, जिभेचा पुढचा भाग इथले आपल्याकडचे कर्करोग तंबाखू, गुटखा, मिश्री आणि सुपारीचे. गालाच्या गाठीत एचपीव्ही शोधण्यात पैसे घालवू नका.

अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत गुळणीच्या नमुन्यांत पुरुषांपैकी १०.१ टक्के आणि स्त्रियांपैकी ३.६ टक्के जणांत एचपीव्ही मिळाला. १६ पुरुषांत १.६, स्त्रियांत ०.३. स्त्रियांच्या गर्भाशयमुखावरचा प्रकार आणि तोंडातला प्रकार जुळेलच असं नाही, बऱ्याचदा जुळतच नाही. म्हणून खाली १६ आला म्हणून घशाचा स्वॅब मागायला येऊ नये. निरोगी घशाची मान्यताप्राप्त स्क्रीनिंग चाचणीच नाही. मानेत गाठ आली आणि तीन आठवडे गेली नाही, तर मात्र या.

स्लाइडवाली

घसाराम, पी१६ चंही, म्हणजे एचपीव्हीची खूण म्हणून रंगवून बघतात त्या प्रथिनाचंही, लिहा. घशाच्या गाठीवर पेशींच्या ७० टक्क्यांत गडद रंग आला की 'एचपीव्हीचा' असा शेरा मारतात. जिथे घशाच्या कर्करोगात एचपीव्हीचा वाटाच कमी आहे तिथे पी१६ एकटा फसवतो. आपल्याकडे सोबत डीएनए किंवा आरएनए बघावंच.

दर्यावर्दी

बोटांवर सापडतो असं वाचलं. मग हात मिळवल्याने होतो?

स्लाइडवाली

बोटांवर जननांगाच्या प्रकारांचा डीएनए सापडतो, पण तो बहुधा चिकटून आलेला. हस्तांदोलनाने नाही होत. मात्र नखाच्या कडेला वर्षानुवर्षं न जाणारा खरबरीत चट्टा, चामखीळ म्हणून जाळत राहिलेला, कधीकधी बोवेनचा आजार (कातडीच्या वरच्या थरापुरता कर्करोग) निघतो आणि त्यात १६ असतो. दोनदा जाळूनही परत आला तर तुकडा पाठवा.

तळटीप

लसीचं थोडक्यात, कारण जागांशी संबंध आहे. पुण्याच्या सीरमच्या सर्व्हावॅकमध्ये ६, ११, १६, १८ आहेत. नऊ प्रकारांच्या गार्डासिलमध्ये यांशिवाय ३१, ३३, ४५, ५२, ५८. लस रक्तात प्रतिपिंडं तयार करते, ती सगळीकडे झिरपतात, त्यामुळे संरक्षण एका जागेपुरतं नाही. कोस्टा रिकातल्या चाचणीत लस घेतलेल्या तरुणींत चार वर्षांनी तोंडातला १६/१८ चा संसर्ग ९३ टक्क्यांनी कमी होता. गुदमार्गातही फायदा दिसला. आधीच बसलेला संसर्ग मात्र लसीने हटत नाही.

आणि अठ्ठावीस प्रकार वेगवेगळे दाखवणारं पॅनेलच हवं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर स्त्रियांचा गट पाडून अभ्यास झाला, निष्कर्ष २००९ ला आले. एचपीव्हीच्या गटात सुमारे ३४ हजार, तपासणी न झालेल्या गटात सुमारे साडेएकतीस हजार. आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने मृत्यू पहिल्या गटात ३४, दुसऱ्यात ६४. तिथे वापरलेली हायब्रिड कॅप्चर चाचणी १३ प्रकारांपैकी कुठला आहे हे सांगतसुद्धा नाही. फक्त आहे किंवा नाही.

कोल्पोकर

हे मान्य, पण १६ आणि १८ वेगळे कळले तर रांग लावता येते. कुणाला आज बोलवायचं, कुणाला वर्षाने.

पिपेट

तेवढंच वेगळं पुरे. गोव्यात बनणारी ट्रूनॅट या पीसीआर मशीनची चिप १६/३१ आणि १८/४५ अशा जोड्या दाखवते. एक्सपर्ट या दुसऱ्या मशीनच्या चाचणीत पाच गट येतात : १६ एकटा, १८/४५, मग ३१-३३-३५-५२-५८, मग ५१-५९, आणि शेवटी ३९-५६-६६-६८. या शेवटच्या गटात सुरुवातीला सांगितलेला ६६ बसलाय. फक्त हाच गट पॉझिटिव्ह असेल तर बाईला कोल्पोस्कोपीच्या टेबलावर ताबडतोब चढवू नका, वर्षाने पुन्हा बघा. आणि फॉर्मवर जागेच्या रकान्यात 'स्वॅब' एवढंच लिहून पाठवू नका. गर्भाशयमुख, योनिमार्ग की व्हॉल्ट, ते लिहा.